इंदुरातील परिषदा, प्रदर्शने आणि माहितीप्रणाली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातील सभागृहांचे व्यवस्थापक, हॉटेलमालक, केटरर, वाहतूकदार आणि व्यावसायिक संघटनांचे कार्यवाह यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण तेथील गुंतागुंत खरी आहे.

व्यावसायिक कार्यक्रम कशाला म्हणायचे आणि त्यांच्यासाठी वेगळी माहितीप्रणाली कशाला हवी?

डॉक्टरांच्या किंवा सी.ए. मंडळींच्या संघटनांची अधिवेशने, कंपन्यांचे वितरक मेळावे, यंत्रसामग्रीची प्रदर्शने, शासनाच्या शिखर परिषदा आणि शास्त्रीय चर्चासत्रे हे सर्व या क्षेत्रात येते. पर्यटक आपले शहर स्वतः निवडतो. परिषदेला येणाऱ्या प्रतिनिधीसाठी मात्र ते एखाद्या समितीने एक-दोन वर्षे आधीच ठरवलेले असते. ही समिती निर्णय घेताना शहराचे छायाचित्र पाहत नाही. अमुक तारखांना किती आसनांचे सभागृह मोकळे आहे, त्याच्या आसपास किती खोल्या मिळतील, विमानतळापासून पोहोचायला किती वेळ लागतो आणि दर किती दिवस कायम राहील, हे ती विचारते. ज्या शहराकडून या प्रश्नांचे एकत्रित आणि भरवशाचे उत्तर लवकर येते, त्या शहराचे पारडे जड होते.

इंदूरकडे परिषदांसाठी विषयांची वाण नाही. पीथमपूरचे वाहन आणि औषध उद्योग जवळ आहेत. सोयाबीन प्रक्रिया उद्योगांची ‘सोपा’ ही संघटना आणि सोयाबीन संशोधन संस्था येथेच आहेत. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, १९९६ पासूनचे आयआयएम आणि २००९ पासूनची आयआयटी यांच्यामुळे अभ्यासकांची ये-जा सतत चालू असते. उणीव आहे ती या सर्वांना लागणारी माहिती एका जागी, ताजी आणि खरी मिळण्याची.

शहराला सर्वांत आधी कोणती प्रणाली हवी? मोबाइल ॲप?

ॲप नंतर आले तरी चालेल. सर्वांत आधी हवी ती तारखांची सामायिक वही, म्हणजे मोठी सभागृहे, प्रदर्शनस्थळे, हॉटेलांतील बँक्वेट हॉल आणि मोठी मॅरेज गार्डन यांची उपलब्धता एकाच ठिकाणी दाखवणारी साधी प्रणाली. ब्रिलियंट कन्व्हेन्शन सेंटर, अभय प्रशाल, रवींद्र नाट्यगृह आणि विजयनगर परिसरातील हॉटेले यांपैकी कोणते स्थळ आपल्या तारखांना मोकळे आहे, हे कळण्यासाठी बाहेरगावच्या आयोजकाला प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र फोन करावा लागत असेल, तर त्याचा पहिला आठवडा त्यातच जातो.

या वहीत प्रत्येक स्थळाला आणि स्थळातील प्रत्येक दालनाला कायमचा क्रमांक द्यावा. एकच हॉल तीन जण तीन नावांनी लिहितात आणि मग एका दालनाच्या जागी तीन दालने दिसू लागतात. दुसरी काळजी तारखांची. तीन दिवसांच्या प्रदर्शनाला मांडणीसाठी आधीचे दोन दिवस आणि उतरवण्यासाठी नंतरचा एक दिवस लागत असेल, तर त्या स्थळाचे सहा दिवस अडकतात. नोंदीत फक्त उद्घाटनाची आणि समारोपाची तारीख असली, तर उरलेले तीन दिवस मोकळे दिसतात आणि वाद तेथूनच सुरू होतो. म्हणून ‘ताबा केव्हापासून, ताबा केव्हापर्यंत’ हे रकाने कार्यक्रमाच्या तारखांपासून वेगळे असलेच पाहिजेत. शिवाय माहिती आय-कॅलसारख्या खुल्या स्वरूपात बाहेर काढता यावी, म्हणजे ज्याच्या मोबाइलमध्ये जे कॅलेंडर असेल त्यात ती उतरवता येते आणि शहर एकाच विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरला बांधले जात नाही.

तारीख ‘होल्ड’वर असते, पण पक्की कधी होतच नाही. यावर उपाय काय?

या क्षेत्रातील सर्वांत त्रासदायक दुखणे हेच आहे. एकच आयोजक चार सभागृहांत त्याच तारखा होल्डवर, म्हणजे तात्पुरत्या राखून ठेवतो, एक ठरवतो आणि उरलेल्या तिघांना कळवायचे राहून जाते. त्या तिघांच्या वहीत तारीख अडकलेली राहते, खरा ग्राहक परत जातो आणि महिनाभराने सभागृह रिकामे राहते.

उपाय तंत्राचा कमी आणि शिस्तीचा जास्त आहे, पण तंत्र त्या शिस्तीला मदत करू शकते. प्रत्येक नोंदीची स्थिती चारांपैकी एकच असावी : विचारणा, होल्ड, पक्की, रद्द. प्रत्येक होल्डला मुदत असावी आणि ती कोरी सोडता येऊ नये. मुदतीच्या दोन दिवस आधी आयोजकाला आणि स्थळाला संदेश जावा, आणि मुदत उलटताच होल्ड आपोआप सुटून रांगेतील पुढच्या आयोजकाला कळावे. आगाऊ रक्कम जमा झाल्याची नोंद झाल्याशिवाय ‘पक्की’ ही स्थिती देता येऊ नये. रद्द झालेल्या नोंदी पुसू नयेत. कोणत्या महिन्यात किती होल्ड सुटले आणि का सुटले, हे दोन वर्षांनी पाहिले म्हणजे दरांविषयी आणि मुदतींविषयी शहाणपणाने बोलता येते.

आणखी एक बारीक, पण माझ्या मते निर्णायक गोष्ट : प्रत्येक स्थळाच्या नावासमोर ‘माहिती शेवटची कधी तपासली’ ही तारीख सर्वांना दिसली पाहिजे. तीन आठवडे न तपासलेली ‘उपलब्ध’ ही नोंद आयोजकाने कच्ची समजावी, आणि प्रणालीने ती तशीच फिक्या रंगात दाखवावी.

यात लग्नसराईचा काय संबंध?

फार मोठा संबंध आहे, आणि परदेशात तयार झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो कधीच सापडत नाही. इंदुरात परिषदा आणि लग्ने बहुतेक वेळा त्याच दालनांत, त्याच केटररकडून, त्याच गाड्यांमधून आणि त्याच खोल्यांत होतात. कार्तिक शुद्ध एकादशीनंतर मुहूर्त सुरू झाले की डिसेंबरच्या मध्यापर्यंत चांगली स्थळे लग्नांकडे जातात. त्यानंतर मकरसंक्रांतीपर्यंत धनुर्मास असल्याने लग्ने थांबतात, हवाही थंड असते, आणि हा महिना परिषदांसाठी उत्तम ठरतो. २०२३ मध्ये प्रवासी भारतीय दिवस हे परदेशस्थ भारतीयांचे संमेलन ८ ते १० जानेवारीला आणि लगोलग ११ व १२ जानेवारीला जागतिक गुंतवणूकदार परिषद झाली, ते दिवस नेमके या काळातले होते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मासही मोठ्या प्रमाणात मोकळा असतो. जी-२० च्या श्रम व रोजगार मंत्र्यांची बैठक २०२३ च्या जुलैमध्ये इंदुरात झाली, म्हणजे पावसाळ्यात परिषद होत नाही ही समजूत खरी नाही.

त्यामुळे सामायिक वहीत पंचांगाचा एक थर असावा. त्यात विवाहमुहूर्त, धनुर्मास, पितृपंधरवडा आणि अधिक मास यांच्या तारखा असाव्यात. उदाहरणार्थ, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ मास आहे आणि त्या दिवसांत बँक्वेट हॉलचे दर कमी करून घ्यायला आयोजकाला वाव असतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. आपली मराठी घरे अमावास्येला महिना संपवतात, तर माळव्यातील बहुतेक घरे पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षात एकाच दिवसाला दोन महिन्यांची नावे असतात. प्रणालीत दिवस इंग्रजी तारखेनेच साठवावा आणि तिथी केवळ टीप म्हणून दाखवावी.

सण आणि मिरवणुकांचे दिवस टाळावेत का?

सगळे टाळण्याची गरज नाही, पण ते माहीत असावेत. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) या दिवशी राजवाड्याच्या आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात, म्हणून प्रतिनिधींची सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजाराची सहल त्या रात्री ठेवू नये. विजयनगरातील सभागृहाला मात्र त्याची झळ फारशी लागत नाही. २०२८ च्या उज्जैन सिंहस्थाची गोष्ट वेगळी आहे. उज्जैन येथून सुमारे ५५ किलोमीटरवर असल्याने त्या काळात इंदूरच्या खोल्या, गाड्या आणि पोलीस बंदोबस्त या सर्वांवर ताण येईल, आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोठे अधिवेशन ठरवणाऱ्याला हे आजच दिसले पाहिजे.

हॉटेलवाल्यांनी आपल्या खोल्यांची माहिती का द्यावी? शेजारच्या हॉटेलला आमचे गुपित कळेल.

ही शंका रास्त आहे आणि तिला बगल देऊन कोणतीही सामायिक प्रणाली टिकणार नाही. म्हणून मागायचे तेवढेच मागावे. दर नको, ग्राहकाचे नाव नको, भरलेल्या खोल्यांचा हिशेबही नको. ‘या तारखांना गटासाठी आम्ही साधारण इतक्या खोल्या देऊ शकतो’ एवढा एकच आकडा पुरे. बाहेरच्या आयोजकाला विभागनिहाय बेरीज दिसेल, एकेका हॉटेलचा आकडा दिसणार नाही, आणि भावाची बोलणी आयोजक व हॉटेल यांच्यातच होतील.

त्या बदल्यात हॉटेलला मिळते ते बरेच काही आहे. समजा, एखाद्या अधिवेशनाने ४०० खोल्या तीन रात्रींसाठी धरल्या आणि प्रत्यक्षात २८० च भरल्या. उरलेल्या १२० खोल्या केव्हा मोकळ्या करायच्या हे आधी ठरले नसेल, तर नुकसान हॉटेलचे होते. प्रणालीत प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे अशा धरून ठेवलेल्या खोल्यांना, त्या परत सोडण्याची तारीख असेल आणि कोण कोणत्या खोलीत राहणार याची यादी (रूमिंग लिस्ट) दर आठवड्याला अद्ययावत होत असेल, तर त्या खोल्या वेळेत खुल्या विक्रीत येतात. छोट्या हॉटेलांना तर याचा जास्त फायदा आहे, कारण तीस खोल्यांच्या हॉटेलकडे एकट्याने कोणी अधिवेशन घेऊन जात नाही, पण आठ हॉटेलांची बेरीज एका अधिवेशनाला पुरते.

जानेवारी २०२३ मध्ये ‘पधारो म्हारे घर’ या मोहिमेत इंदूरकरांनी परदेशस्थ भारतीयांना आपल्या घरी उतरवून घेतले, हे सर्वांना आठवत असेल. त्या आपुलकीचे मोल आकड्यांत मांडता येत नाही. तरीही अशा घरांची यादी, म्हणजे खोल्या, जिने, आहार, बोलल्या जाणाऱ्या भाषा आणि सभास्थळापासूनचे अंतर, ही कायम तयार असावी. आयत्या वेळी ती जमवताना सर्वांचीच धावपळ होते.

सभागृहाची क्षमता कशी नोंदवावी?

‘क्षमता २०००’ अशी एक ओळ लिहिणे धोक्याचे आहे. एकाच दालनात नाट्यगृहासारख्या रांगा, वर्गासारखी टेबले, गोल टेबलांवर भोजन आणि प्रदर्शनाचे स्टॉल यांची क्षमता निरनिराळी असते. व्यासपीठ मोठे केले, मागे कॅमेऱ्यांचा चौथरा उभारला किंवा सुरक्षेसाठी पुढच्या रांगा सोडल्या की ती आणखी घटते. म्हणून प्रत्येक मांडणीची वेगळी क्षमता, अग्निशमनाच्या परवानगीतील कमाल संख्या, दरवाजांची रुंदी, छताची उंची, मालवाहू गाडी कुठपर्यंत येते आणि किती किलोवॉट वीज मिळते हे सर्व नोंदीत असावे.

प्रवासी भारतीय दिवसाच्या मुख्य सोहळ्यात सभागृह अपुरे पडले आणि काही पाहुण्यांना बाहेर थांबावे लागले, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्यांची जाहीर क्षमा मागितली होती. अशा प्रसंगी निमंत्रितांची यादी, सुरक्षा पास, स्वयंसेवकांचे पास आणि माध्यमांचे पास या चार वेगवेगळ्या याद्यांची बेरीज आसनांशी कोणीतरी सतत ताडून पाहत राहणे आवश्यक असते. पास निघतानाच एकूण संख्या मोजणारी आणि मर्यादा गाठताच पुढचा पास अडवणारी प्रणाली यासाठी पुरेशी आहे. दाराशी क्यूआर कोड तपासणाऱ्या उपकरणांनी आत गेलेल्यांबरोबर बाहेर आलेल्यांचीही नोंद घ्यावी, नाहीतर चहाच्या सुट्टीनंतर आकडा निरर्थक होतो.

नोंदणीच्या वेळी प्रतिनिधीकडून कोणती माहिती घ्यावी?

जिचा उपयोग ठरलेला आहे, तेवढीच. नाव, संस्था, मोबाइल, ई-मेल, येण्या-जाण्याची वेळ आणि आहार एवढ्याने बहुतेक कामे होतात. जन्मतारीख आणि आधार क्रमांक केवळ सवयीने मागितले जातात आणि ते सांभाळण्याची जबाबदारी मात्र खरी असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली जात आहे हे स्पष्ट सांगून संमती घेणे, संमती देण्याइतकेच ती मागे घेणे सोपे ठेवणे आणि काम संपल्यावर माहिती नष्ट करणे या गोष्टी आयोजकाने आतापासूनच अंगवळणी पाडाव्यात. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. संमती घेतानाची ही सूचना इंग्रजीबरोबर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही मिळाली पाहिजे, म्हणून मराठी प्रतिनिधीला ती मराठीत वाचता येणे हा त्याचा हक्क आहे.

प्रायोजकांना प्रतिनिधींची यादी देण्याची प्रथा सर्रास आहे. त्यासाठी वेगळी चौकट आणि वेगळी संमती ठेवावी, आणि ती चौकट आधीच टिचकी मारून ठेवलेली नसावी.

जीएसटीबद्दल एक व्यावहारिक सूचना. हॉटेलच्या खोलीवरील कर हॉटेल जेथे आहे त्या राज्याचा असतो, म्हणून पुण्याच्या कंपनीला इंदूरच्या खोलीवरील केंद्रीय व राज्य जीएसटीचे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) महाराष्ट्रातील नोंदणीवर मिळत नाही. हे आयोजकाने आधीच सांगितले, तर अधिवेशनानंतरचे कितीतरी कटू ई-मेल वाचतात. कंपनीचा जीएसटी क्रमांक मात्र नोंदणीच्या वेळीच घ्यावा आणि तेथेच तपासावा.

परदेशी प्रतिनिधी येणार असतील तर?

तयारी काही महिने आधी सुरू करावी. आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी कॉन्फरन्स व्हिसा लागतो आणि त्याच्याशी गृह मंत्रालयाची कार्यक्रम-मंजुरी व परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी निगडित असते. निमंत्रणपत्रातील नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे, म्हणून नोंदणी अर्जातून ते थेट पत्रात उतरावे, कोणी पुन्हा टाइप करू नये. परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती शासनाकडे ऑनलाइन भरणे ही राहण्याची सोय करणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती घरी पाहुणा उतरवणाऱ्या कुटुंबालाही लागू होते.

वाय-फाय नेहमी ऐन वेळी का बंद पडते?

कारण पाहणी रिकाम्या सभागृहात केलेली असते. ८०० प्रतिनिधी म्हणजे मोबाइल आणि लॅपटॉप धरून सोळाशेच्या आसपास उपकरणे होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच असल्याने तेथे गर्दी लगेच होते, म्हणून मोठ्या दालनात ५ गिगाहर्ट्झवर चालणारे अनेक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारी उपकरणे) कमी शक्तीवर लावणे योग्य ठरते. नोंदणी कक्ष आणि व्यासपीठ यांना तारेची स्वतंत्र जोडणी द्यावी. बॅज छापणारी प्रणाली इंटरनेट गेल्यावरही चालली पाहिजे, म्हणजे यादी त्या संगणकावर आधीच उतरवलेली असावी.

आमची संस्था लहान आहे. सॉफ्टवेअर विकत घ्यावे का?

दोनशे प्रतिनिधींपर्यंत एक नीट आखलेली स्प्रेडशीट, यूपीआय आणि एक ऑनलाइन अर्ज पुरतो. अट एवढीच की प्रत्येक प्रतिनिधीला एक क्रमांक असावा आणि पैसे, खोली, भोजन आणि प्रमाणपत्र या चारही याद्या त्याच क्रमांकाने जोडलेल्या असाव्यात.

बॅजवर नाव कोणत्या लिपीत असावे?

दोन्ही लिपींत असावे आणि दोन्ही प्रतिनिधीनेच भरावीत. रोमन लिपीतून यंत्राने देवनागरी केली की ‘काळे’चे ‘काले’ आणि ‘फळणीकर’चे ‘फलनीकर’ होतात. माणसाला आपले नाव बरोबर लिहिलेले दिसणे हा आदरातिथ्याचा पहिला भाग आहे. माहिती युनिकोडमध्येच साठवावी, कारण जुन्या फाँटमधील याद्या दुसऱ्या संगणकावर नीट वाचता येत नाहीत.

भोजन आणि कचऱ्याचा हिशेब यात कसा बसतो?

केटररला ठरावीक ताटांची हमी द्यावी लागते आणि ती बहुतेक वेळा भीतीपोटी जास्त दिली जाते. सकाळी दहापर्यंत प्रत्यक्ष किती बॅज तपासले गेले हा आकडा अकराच्या आत स्वयंपाकघरात पोहोचला, तर दुपारचा भात आणि पोळ्या त्या बेताने करता येतात. घरोघरी सहा प्रकारांत कचरा वेगळा करणाऱ्या आणि ओल्या कचऱ्यापासून दिवसाला ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प चालवणाऱ्या शहरात परिषदेच्या कचऱ्याचे वजन नोंदवणे अवघड नसावे. शाश्वत आयोजनासाठीचे ‘आयएसओ २०१२१’ हे मानक असेच आकडे मागते, आणि परदेशी संघटना आता त्याविषयी विचारतात.

कार्यक्रम संपल्यावर कोणते आकडे जपून ठेवावेत?

हे काम सर्वांत जास्त टाळले जाते आणि पुढची परिषद मिळवण्यासाठी सर्वांत जास्त उपयोगी पडते. नोंदणी किती, प्रत्यक्ष हजर किती, त्यांतले इंदूरबाहेरचे किती, एकूण खोली-रात्री (एक खोली एका रात्रीसाठी म्हणजे एक) किती आणि सरासरी मुक्काम किती, एवढे पाच आकडे पुरेत. आर्थिक लाभ मोजताना स्थानिक प्रतिनिधींना वगळावे, कारण त्यांनी तो पैसा एरवीही शहरातच खर्च केला असता. प्रदर्शनात एकच माणूस तीन दिवस आला तर तो एक अभ्यागत आणि तीन भेटी, आणि हे दोन आकडे वेगळेच सांगावेत. फुगवलेली संख्या एकदा वर्तमानपत्रात चालून जाते, परंतु पुढच्या वर्षी स्टॉल घेणारा कंपनीचा माणूस स्वतः दारात उभा राहून मोजतो.

आंतरराष्ट्रीय क्रमवारीचेही निकष समजून घ्यावेत. १९६३ मध्ये स्थापन झालेली ‘इक्का’ (आयसीसीए) ही परिषद-क्षेत्राची आंतरराष्ट्रीय संघटना किमान ५० सहभागी असलेल्या, नियमित भरणाऱ्या आणि किमान तीन देशांत फिरणाऱ्या परिषदाच मोजते. त्यामुळे इंदुरात झालेला मोठा शासकीय सोहळा त्या यादीत नसेल, पण साठ-सत्तर शास्त्रज्ञांची फिरती परिषद असू शकते. नोंद ठेवणाऱ्याने हे निकष रकान्यांतच बसवावेत.

ही सामायिक वही कोणी चालवायची?

हैदराबादेत यासाठी स्वतंत्र कन्व्हेन्शन ब्युरो आहे, आणि राष्ट्रीय पातळीवर १९८८ पासून इंडिया कन्व्हेन्शन प्रमोशन ब्युरो काम करतो. इंदुरात पर्यटन मंडळ, महापालिका, हॉटेल संघटना आणि सभागृहचालक यांनी मिळून दोन-तीन माणसांचे छोटे कार्यालय उभे केले तरी सुरुवात होईल. त्यातील एकाचे काम केवळ दर सोमवारी प्रत्येक स्थळाला फोन करून नोंदी ताज्या करून घेणे हे असावे, आणि हे पद काटकसरीच्या नावाखाली कधीही रद्द होऊ नये. खर्च सहभागी संस्थांनी आपापल्या आकारमानानुसार वाटून घ्यावा, माहितीची मालकी मात्र विक्रेत्याकडे न जाता या कार्यालयाकडेच राहावी, आणि करार संपताना सर्व नोंदी खुल्या स्वरूपात परत मिळतील हे कलम निविदेतच लिहावे. आरंभी वीस स्थळे आणि पुढचे अठरा महिने एवढीच व्याप्ती ठेवावी. नवे स्थळ घेण्यापूर्वी आधीच्या वीसही स्थळांच्या नोंदी सलग तीन महिने दर आठवड्याला तपासल्या गेल्या आहेत का, हे पाहावे.